शहिदाच्या घरी दुसऱ्यांदा कोण जातं?



15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारी जवळ आली की तुमच्याकडून एका निबंधाची मागणी हमखास येते, 'एका सैनिकाचे मनोगत'. मीही तो दरवर्षी मुलांकडून लिहून घेते. त्याचा साचा आता मुलांना पाठ झालाय. बर्फाने झाकलेली सीमा, आईची आठवण, शत्रूची चाल आणि शेवटी छातीवर गोळी झेलून तिरंग्यात लपेटून घरी येणं. पाठीत गोळी लागलेला सैनिक मी आजवर एकाही वहीत पाहिलेला नाही. आजारी पडून गेलेला तर नाहीच नाही.

यंदा सातवीतल्या एका मुलाने कोरी वही माझ्यापुढे धरली आणि हळूच विचारलं, "मॅडम, माझे चुलते गाडी दरीत कोसळून गेले. पण चौकातल्या बॅनरवर 'शत्रूशी लढताना वीरमरण' असं होतं. मी कोणतं लिहू?"

खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला असताना मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं आम्ही घोकली होती. त्यात राष्ट्रभक्ती आहे, संवेदनशीलता आहे, नीटनेटकेपणासुद्धा आहे. खरेपणा मात्र वेगळा मांडलेला नाही. तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी वाचले, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

तो बॅनर सरकारने लावलेला नव्हता. गावातल्या पोरांनी वर्गणी काढून लावला होता, आणि प्रेमानेच लावला होता. पण त्या निमित्ताने मी वाचायला लागले की खुद्द सरकारं अशा वेळी घरच्यांना काय सांगतात. आज लिहितेय ते त्याबद्दल. नेहमीसारखा मुद्देसूद निबंध नाही हा, हे आधीच सांगते. मुलांना पाठ करायला देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ मी अडकले ती अमेरिकेतल्या पॅट टिलमनच्या गोष्टीत. हा तिथला व्यावसायिक फुटबॉलपटू. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, त्यांचा तो हेल्मेट घालून खेळायचा. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर 36 लाख डॉलरचा करार नाकारून 2002 मध्ये तो सैन्यात भरती झाला. धाकटा भाऊ केविनही त्याच्याबरोबर गेला. दोघे एकाच प्लॅटूनमध्ये. 22 एप्रिल 2004 रोजी अफगाणिस्तानच्या खोस्त प्रांतात पॅट मारला गेला, वय 27.

घरच्यांना सांगण्यात आलं की शत्रूच्या गोळीबारात गेला. त्याला सिल्व्हर स्टार हे मोठं शौर्यपदक जाहीर झालं. प्रशस्तिपत्रातही शत्रूच्या भयंकर माऱ्याचं वर्णन होतं. 3 मे रोजी श्रद्धांजली सभा झाली, ती देशभर टीव्हीवर दिसली. सगळं अगदी आपल्या निबंधासारखं.

प्रत्यक्षात काय झालं होतं? एक गाडी बंद पडली म्हणून प्लॅटूनचे दोन भाग करण्यात आले. अरुंद घाटातून येणाऱ्या मागच्या तुकडीने डोंगरावर असलेल्या आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या. त्यात पॅट गेला आणि त्याच्याबरोबरचा एक अफगाण सैनिकही गेला. याला लष्करी भाषेत 'फ्रेंडली फायर' म्हणतात. नाव तरी बघा!

त्याच्या तुकडीतल्या लोकांना हे एक-दोन दिवसांतच कळलं होतं. त्याचा गणवेश जाळून टाकला गेला. 29 एप्रिलला, म्हणजे सभेच्या आधी, एका मोठ्या सेनाधिकाऱ्याने वरिष्ठांना संदेश पाठवला होता की हा आपल्याच गोळीबाराचा प्रकार असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा मोठ्या नेत्यांनी भाषणात जपून बोलावं. म्हणजे नेत्यांची फजिती होऊ नये याची काळजी घेतली गेली. आईची कुणी घेतली नाही. चौकशी सुरू आहे एवढं तरी कुटुंबाला कळवावं, असे लष्कराचे स्वतःचेच नियम होते, तेही पाळले गेले नाहीत. केविन तर त्याच प्लॅटूनमध्ये होता, मागच्या गाड्यांमध्ये. ज्यांना माहीत होतं त्यांच्या सोबतीने तो भावाला पोचवायला घरी आला, आणि त्यालाही कुणी सांगितलं नाही.

पाच आठवड्यांनी, मे महिन्याच्या शेवटी, खरं काय ते घरी कळलं. पुढे एकामागून एक चौकश्या झाल्या. आई मेरी टिलमन एकेक कागद घेऊन वर्षानुवर्षं बसली, कुठलं नाव खोडलंय, कुठली वेळ जुळत नाही ते शोधत. 2007 मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढे केविनने साक्ष दिली. त्याच दिवशी जेसिका लिंच नावाच्या तरुण सैनिक मुलीनेही दिली. 2003 मध्ये इराकमध्ये ती जखमी होऊन पकडली गेली होती आणि तिने शेवटच्या गोळीपर्यंत झुंज दिल्याची कहाणी जगभर पसरली होती. तिची रायफल अडकली होती, तिने एकही गोळी झाडली नव्हती. हे तिने स्वतः सांगितलं, आणि आपल्याला खोटी नायिका का बनवलं हे आपल्याला अजून कळलेलं नाही, असंही सांगितलं. मला या मुलीबद्दल फार आदर वाटतो. फुकट मिळालेलं शौर्य परत करायला धाडस लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, गेलेला माणूस तर गेलाच. गोळी कुणाचीही असो, आईला काय फरक पडतो?

मलाही आधी तसंच वाटायचं. पण टिलमनच्या घरच्यांचं वाचताना लक्षात आलं की फरक पडतो तो एका साध्या गोष्टीमुळे. पाच आठवडे त्यांनी ज्या मृत्यूचं दुःख केलं, तो मृत्यू झालाच नव्हता. नंतर त्यांना दुसऱ्यांदा, वेगळं दुःख करावं लागलं. आणि या दुसऱ्या वेळी सांगायला येणाऱ्याच्या एकाही शब्दावर विश्वास नव्हता. पुढे अधिकाऱ्यांनी खरं सांगितलं तरी शंका आली, याच्या मागे अजून काय लपवलंय? वर्गात एखादं मूल एकदा खोटं बोललं की आपण त्याची खरी पोटदुखीही मानत नाही. तसंच काहीसं, फक्त इथे खोटं बोलणारा मोठा होता.

आता आपल्या घरात बघू. नाहीतर अमेरिकेला नावं ठेवणं फार सोपं.

26 फेब्रुवारी 2019 ला बालाकोटचा हवाई हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काश्मीरच्या आकाशात पाकिस्तानी विमानांशी चकमक चालू असताना आपल्या हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक स्थानिक नागरिक, असे सात जीव गेले. त्या सहांत आपल्या नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. आमच्या शाळेतही परिपाठात आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो होतो. सुरुवातीच्या बातम्यांत तांत्रिक बिघाड असं येत होतं. देशाचं सगळं लक्ष त्या दिवशी पकडल्या गेलेल्या वैमानिकाकडे होतं. नंतर वर्तमानपत्रांतून कुजबुज सुरू झाली की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. एप्रिल-मेमध्ये लोकसभेची निवडणूक झाली, निकाल लागले. 4 ऑक्टोबर 2019 ला नवे हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत उघडपणे मान्य केलं की ते आपलंच क्षेपणास्त्र होतं आणि ही आपली मोठी चूक होती. दोन अधिकाऱ्यांवर कारवाई होईल असंही त्यांनी सांगितलं.

मला इथे दोन्ही गोष्टी म्हणायच्या आहेत. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने कॅमेऱ्यासमोर 'आमची चूक' म्हणणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा चूक मान्य करत नाही. त्यामुळे हवाई दलाला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण फेब्रुवारी ते ऑक्टोबर म्हणजे सात महिने होतात. चौकशीला वेळ लागतो हे कबूल. पण या सात महिन्यांत त्या सहा घरांत आणि बडगामच्या त्या सातव्या घरात लोक वर्तमानपत्रातली कुजबुज वाचत बसले असतील, त्याचं काय? सातव्या घराचं तर आपण नावही घेत नाही. तो माणूस कुठल्याही गणवेशात नव्हता.

मला वाटतं, आपलं चुकतं ते इथेच. सरकार पहिल्यांदा घरी फार चांगलं जातं. लष्कराची गाडी येते, तिरंगा येतो, बंदुकांची सलामी होते, पालकमंत्री येतात, धनादेश येतो. कारगिलच्या युद्धापासून, म्हणजे 1999 पासून, पार्थिव गावापर्यंत आणण्याची जी पद्धत रूढ झाली, तिने कुटुंबांना मोठा आधार दिला. त्याआधीच्या युद्धांत कितीतरी घरी नुसती तार यायची आणि अंत्यसंस्कार तिकडेच कुठेतरी झालेले असायचे. माझा आक्षेप या पहिल्या भेटीवर अजिबात नाही. माझा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा कोण जातं? तेरावा झाला, मंडप उतरला, फ्लेक्स उन्हाने पांढरा पडला, आणि मग चौकशीत काहीतरी निष्पन्न झालं. ते सांगायला त्या घराची पायरी कोण चढतं?

पहिल्या दिवशी सगळं कळलेलं नसतं. युद्धात तर नसतंच. म्हणून पहिल्या दिवशी अधिकाऱ्याने खरं सांगायचं तर एवढंच सांगता येतं, "ताई, ते गेले. कसे गेले हे अजून आम्हाला नीट कळलेलं नाही. कळलं की आम्ही परत येऊन सांगू." पण हे शेवटचं वाक्य बोलायची कुणाची तयारी नसते, कारण ते बोललं की खरंच परत यावं लागतं. मग ती मोकळी जागा कुणीतरी भरून टाकतं. कधी सरकार भरतं, कधी टीव्हीवाले, कधी गावातले फ्लेक्सवाले.

आणि कधीकधी ती जागा कुणीच भरत नाही, ते तर सगळ्यात वाईट. 1971 च्या युद्धात बेपत्ता झालेल्या 54 जणांबद्दल तुम्ही वाचलं असेल. दमयंती तांबे या राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानात पाडलं गेलं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये त्यांच्यासारखं नाव पाकिस्तानच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं, हे त्यांनी अनेकदा सांगितलंय. 1979 मध्ये सरकारने लोकसभेत पाकिस्तानात असल्याचं समजल्या जाणाऱ्या 40 जणांची यादी दिली. 2007 मध्ये काही नातेवाइकांना तिथले तुरुंग दाखवायला नेण्यात आलं, हाती काही लागलं नाही. पाकिस्तान म्हणतो आमच्याकडे कुणी नाही. आपलं सरकार म्हणतं असावेत. बाईंनी या 'असावेत'वर आयुष्य काढलं, दुसरं लग्न केलं नाही. शत्रूराष्ट्र खरं सांगणार नाही हे समजू शकतं. पण आपल्या बाजूने तरी, आमच्याकडे एवढे कागद आहेत, त्यावरून आम्हाला असं वाटतं, आणि याच्या पुढे आम्ही काही करू शकलो नाही, असं स्वच्छ सांगायला पन्नास वर्षं पुरू नयेत?

दुसरी बाजूही मांडते, नाहीतर आमचे सर लोक म्हणतील एकांगी लिहिलंय.

मनोधैर्याचा प्रश्न आहे, हे खरं. चकमक चालू असताना आपलं क्षेपणास्त्र आपल्यालाच लागलं हे त्याच दिवशी जाहीर केलं तर शत्रूच्या फायद्याचं. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातही देशाच्या सुरक्षेची माहिती वगळलेली आहे, आणि ते योग्यच आहे. पण जगाला जाहीर करणं वेगळं आणि एका घरात चार माणसांना विश्वासात घेऊन सांगणं वेगळं. क्षेपणास्त्र कुठून सुटलं, रडार कुठे होतं हे त्या घराला नकोच असतं.

याहून अवघड मुद्दा वेगळा आहे. काही घरांना खरं नकोच असतं. स्वेतलाना अलेक्सिएविच या बेलारूसच्या लेखिकेला 2015 मध्ये नोबेल मिळालं. अफगाणिस्तानात लढलेल्या सोव्हिएत सैनिकांवर आणि त्यांच्या आयांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्या युद्धात 1979 ते 1989 या काळात सोव्हिएत संघाचे सुमारे 15 हजार सैनिक गेले. जस्ताच्या सीलबंद पेट्यांतून पोरं घरी यायची, पेटी उघडायची नाही. सुरुवातीची काही वर्षं तर थडग्यावर अफगाणिस्तानचं नावही लिहू देत नसत. या सगळ्याबद्दल लेखिकेने आयांना बोलतं केलं. आणि पुस्तक आल्यावर काय व्हावं? त्यातल्याच काही आयांनी तिच्यावर मिन्स्कच्या कोर्टात खटला भरला! तुम्ही आमच्या मुलांना वीराचे खुनी करून टाकलंत, असा त्यांचा राग होता.

हे वाचून मी दोन दिवस गप्पच झाले. त्या आयांना चूक कसं म्हणू? मुलगा गेला, आता त्याची कीर्ती तरी राहू दे, असं कुठलीही आई म्हणेल. पण मग विचार केला, की त्या आयांची ही गत केली कुणी? आधी दहा वर्षं सरकारने एक गोष्ट सांगितली, त्यांनी ती उराशी धरली, आणि मग ती एका लेखिकेच्या हातून फुटली. राग लेखिकेवर निघाला, कारण सरकार कोर्टात उभं नव्हतं. ऐकायचं की नाही हे आईने ठरवावं. पण तिला विचारायला तर कुणीतरी जायला हवं. तिच्या वतीने सरकारने परस्पर ठरवून टाकणं मला पटत नाही.

आणि हा सगळा भावनेचाच मामला आहे असं समजू नका. कागदावर 'मृत्यूचे कारण' म्हणून जी एक ओळ लिहिली जाते, तिच्यावर घराची चूल अवलंबून असते. शत्रूच्या कारवाईत मृत्यू झाला असेल तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते शेवटच्या वेतनाइतकं असतं. सेवेमुळे झालेल्या अपघातात गेला तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, शेवटच्या वेतनाच्या 60 टक्के. सेवेशी संबंध नाही असं ठरलं तर साधं निवृत्तिवेतन, सुरुवातीची काही वर्षं जास्त आणि नंतर 30 टक्क्यांवर. आमच्या भागात अशा कितीतरी बायका आहेत, ज्यांना हे वर्ग माहीतच नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन जायचं, तिथले निवृत्त सुभेदार सांगतील तिथे सही करायची. आपल्या नवऱ्याचा मृत्यू कुठल्या रकान्यात टाकलाय आणि का, हे तिला तिच्या भाषेत, मराठीत, लेखी मिळायला नको का? मी एका बाईंना असं पत्र वाचून दाखवलंय. इंग्रजीत होतं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तो कसा गेला हे त्यांना त्या दिवशी माझ्या तोंडून कळलं. एका प्राथमिक शिक्षिकेच्या तोंडून! पत्र इतके दिवस देव्हाऱ्यात ठेवलेलं होतं.

'शहीद' शब्दाचंही सांगते. आपण तो रोज वापरतो, मीही वर शीर्षकात वापरलाय. पण 2017 मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे संरक्षण आणि गृह खात्याने सांगितलं की अशी संज्ञा त्यांच्याकडे अधिकृतपणे नाहीच. लष्कर 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणतं. म्हणजे भाषणात एक शब्द, फायलीत दुसरा. भाषणातल्या शब्दावर टाळ्या मिळतात आणि फायलीतल्या शब्दावर पेन्शन ठरते. घरच्यांना मात्र फक्त भाषण ऐकवलं जातं.

मला विचाराल तर फार मोठी मागणी नाही. पहिल्या दिवशी जो अधिकारी घरी येतो, त्यानेच चौकशी संपल्यावर पुन्हा यावं. फोन नको, पोस्टाने लिफाफा नको, आणि घरच्यांच्या आधी पत्रकारांना तर नकोच नको. जे सांगता येण्यासारखं आहे ते मराठीत लिहून द्यावं. सांगता येत नसेल तर 'सांगता येत नाही' असं लिहावं, आणि पुन्हा केव्हा विचारायला यायचं तेही लिहावं. एवढ्याला निधी लागत नाही. शासन निर्णय मात्र लागेल बहुधा, आपल्याकडे त्याशिवाय काही हलत नाही.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावलं. म्हटलं, "चुलते गाडीतून कुठे चालले होते रे?" तो म्हणाला, "वरच्या पोस्टवर रेशन घेऊन. रस्त्यावर बर्फ होतं." मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" तर म्हणाला, "काकांचे एक दोस्त आले होते मॅडम, सुट्टीवर आले तेव्हा. मुद्दाम आले होते. काकूला सगळं सांगितलं त्यांनी. काकू रडली, पण नंतर जेवली." सरकारी माणूस नव्हता तो. सुट्टीतला एक दिवस मोडून, स्वतःच्या पैशाने एसटीने आलेला एक जवान होता.

मी म्हटलं, मग तेच लिही.

त्याने लिहिलं. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, 'दरी'ची वेलांटी ऱ्हस्व होती. शेवटचं वाक्य होतं, "वरच्या पोस्टवरची माणसं त्या दिवशी जेवणाची वाट बघत होती आणि माझे काका त्यांना जेवण घेऊन निघाले होते." चुका लाल पेनने दुरुस्त केल्या. त्या वाक्याला हात लावला नाही.